जुन्या मोटारसायकलची जुळणी : आधी कागद, मग पाना

हेमाडपंती मंदिरांसाठी परिचित असलेल्या चारठाणा (ता. जिंतूर, जि. परभणी) सारख्या गावात एखाद्या गोठ्याच्या भिंतीला टेकलेला जावा, येझदी वा राजदूतचा सांगाडा दिसला, तर नवल वाटू नये. शहरातील हौशी तरुण असे सांगाडे शोधत फिरतात. एका गाडीची चेसिस, दुसरीचे इंजिन, तिसरीची टाकी जमवून स्वतःची 'व्हिंटेज' गाडी उभी करायची, हा त्यामागचा बेत. तो तडीस जातो; पण तयार झालेली गाडी कायद्याच्या दृष्टीने व्हिंटेज ठरत नाही, हे बहुतेकांना फार उशिरा कळते.

नवशिक्याला त्यातल्या त्यात सोयीची गाडी म्हणजे जावा-येझदी. झेकोस्लोव्हाकियातील जावाच्या परवान्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबले. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसल्याने उघडझाप सोपी. किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा, ही तर तिची खासियत.

खरी अडचण सुटे भाग मिसळताना येते. जुन्या बुलेटचे आटे ब्रिटिश मापाचे, तर जावाचे मेट्रिक. हाताला सारखा भासणारा नट जोराने आवळला की आटे गेलेच! जुन्या जावाची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची असते. तिला १२ व्होल्टचा दिवा लावल्यास तो मिणमिणतो. क्रँकचे ऑइल सील झिजले असल्यास इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते आणि पिस्टन तापून जाम होऊ शकतो. म्हणून जुने सील पुन्हा बसविण्याची काटकसर करू नये. क्रँक उलगडून जोडण्यास प्रेस लागतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

आता कागदांविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि नोंदणी पुस्तकात नव्या क्रमांकाची नोंद हवी. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणजे प्रथम नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी. तिला क्रमांकात 'व्हीए' अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तीन गाड्यांची मिळून झालेली एक गाडी या व्याख्येत बसविणे अवघडच.

सबब खरेदीचा क्रम उलटा ठेवावा. टाकीच्या क्रोमला भुलण्याआधी चेसिस व इंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत आणि पुस्तक नसलेला सांगाडा, कितीही स्वस्त असला तरी, केवळ सुट्या भागांसाठीच घ्यावा. आणखी एक : चेसिसचा क्रमांक बहुधा हँडलच्या मानेजवळ असतो. त्यावर पुट्टी भरू नये, हे पेंटरला काम देतानाच बजावून ठेवावे.