सायकलीचा बिल्ला गेला, तशी तिची ओळखही गेली

पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात शाळेला जाणारं पोर आणि दारात सायकल असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मोटरसायकल चोरीला गेली तर नंबर असतो, आरसी बुक असतं, विमा असतो. सायकल गेली की आपण पोलिसांना काय सांगतो? "निळी होती साहेब, पुढं बास्केट होतं." तशा निळ्या सायकली तालुक्यात शेकड्यानं आहेत. ओळख पटवायची कशी?

पण सायकल कायम अशी बेनावाची नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'बिल्ला' हा शब्द विचारून बघा. पुण्यात सायकलीवर कर होता. दरवर्षी तो भरायचा, नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि सायकलीला लावायचा. बिल्ला नाही तर दंड. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसले तर हवालदार अडवायचा, कधी चाकातली हवाच सोडून द्यायचा. हे फक्त शहरातलं नव्हतं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीला जे कर बसवता येत होते, त्यात घरपट्टीसोबत सायकल आणि बैलगाडीवरचा करही होता.

आता खरं बोलायचं तर बिल्ला चोर पकडायला नव्हता, वसुलीसाठी होता. लोक कुरकुरायचेच. पण त्यातून एक काम आपसूक होत होतं. प्रत्येक सायकलीला नंबर होता आणि तो नंबर सरकारी वहीत मालकाच्या नावापुढं लिहिलेला होता.

तासावर सायकल भाड्यानं देणाऱ्या दुकानांचंही तेच. मडगार्डवर दुकानाचं नाव आणि नंबर रंगवलेला. वहीत नाव, गाव, वेळ लिहायची. अनोळखी माणसाला ओळखीचा कुणीतरी आणायला लागायचा. कुलूप साधंच असायचं. दुकानदाराचा सगळा भरवसा त्या वहीवर आणि ओळखीवर.

ही जपणूक का होती, तेही लक्षात घ्या. आपलं भोर संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं, तेव्हा चांगली सायकल म्हणजे बहुतेक विलायती. मद्रासकडचा टीआय सायकल्सचा कारखाना १९४९ चा, ॲटलस १९५१ ची, हिरो सायकल्स १९५६ ची. त्याआधी सायकल ही चैन होती, किंवा घरातली सगळ्यात महाग वस्तू.

त्याच १९४८ साली इटलीत 'बायसिकल थीव्हज' सिनेमा आला. रोममधला एक बेकार माणूस घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवतो, कारण पोस्टर चिकटवायच्या नोकरीला सायकल लागते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पोलीस तक्रार लिहून घेतात आणि शोधायचं काम त्याच्यावरच सोडतात. बाजारात त्याला एका सायकलीच्या सांगाड्याचा संशय येतो. तो पोलिसाला बोलावतो आणि सांगाड्यावरचा नंबर बघायला लावतो. नंबर जुळत नाही, विषय तिथंच संपतो. तरी त्या गरिबाकडं जुळवून बघायला नंबर तरी होता! आपल्यातल्या किती जणांकडं तो लिहून ठेवलेला आहे?

पुढं मोटरसायकली आल्या, सायकल गरिबाची आणि शाळकरी पोरांची राहिली. बिल्ला गेला. कर गेला म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही, पण त्याच्यासोबत वहीही गेली.

नुसत्या यंत्रावर विसंबून काय होतं ते पुण्यानं बघितलं. २०१७-१८ मध्ये मोबाईलवर उघडणाऱ्या कुलपाच्या भाड्याच्या सायकली आल्या. मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या, आणि योजना काही वर्षांत थंडावली. उलट जपानमध्ये १९९४ पासून सायकल घेताना नोंदणी सक्तीची आहे. दुकानातच फॉर्म भरतात, नंबरचं स्टिकर लावतात. म्हणजे आपला बिल्लाच म्हणा की.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कायदा बदललाय, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३७९ ची चोरी दखलपात्र होती, वस्तू कितीचीही असो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागू आहे. चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे एनसी होते. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

शाळकरी पोरीची दोन-तीन वर्षं वापरलेली सायकल कितीची? कायद्याच्या दृष्टीनं किरकोळ. पण वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीतून चार-पाच किलोमीटरवर शाळा असेल आणि एसटी दिवसातून मोजक्या वेळा येत असेल, तर ती सायकल म्हणजे त्या पोरीची शाळा आहे. ती गेली की आधी पोरगी उशिरा जायला लागते, मग कधीतरी घरीच बसते. कायद्यानं हात आखडता घेतलाय, तेव्हा नोंद आपणच ठेवायला पाहिजे.

काय करायचं?

१. सायकल उलटी करा. दोन्ही पायडलांचा दांडा ज्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुतेक सायकलींवर नंबर ठोकलेला असतो. तिथं नसेल तर सीटखालच्या नळीवर बघा. त्याचा फोटो काढा.

२. बिल जपून ठेवा, मोबाईलमध्येही फोटो ठेवा. किंमत खोटी सांगू नका, पण खरी किंमत सिद्ध करायला बिलच लागतं. सायकल सापडल्यावर ती ताब्यात घ्यायलाही.

३. नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या नळीत सरकवा. चोर रंग बदलतो, नळीत बघत नाही.

४. मागच्या चाकाचं कुलूप लावलं तरी सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. सांगाडा आणि चाक दोन्ही धरून जाड साखळीनं खांबाला किंवा ग्रीलला बांधा. कापूरहोळला किंवा चेलाडी फाट्यावर सायकल लावून एसटीनं पुढं जाणाऱ्यांनी तर नक्कीच. रात्री दारात न ठेवता आत घ्या.

५. चोरी झाली तर किंमत कमी असली तरी तक्रार द्या. भोर, राजगड, वेल्हे, ज्या ठाण्याची हद्द असेल तिथं. नंबर लिहायला लावा आणि प्रत घ्या.

६. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारी सायकल घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असताना घेणं हाही गुन्हा आहे, कलम ३१७(२).

आणि एक मागणी. प्रत्येक शाळेनं आणि ग्रामपंचायतीनं एक शंभर पानी वही करावी. विद्यार्थ्याचं नाव, कंपनी, रंग, सांगाड्याचा नंबर. जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या योजनेतून सायकली वाटताना फोटो निघतातच, तेव्हाच नंबरही लिहून घ्यावेत. कर नको, दंड नको, फक्त नोंद. येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार, ते कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. ठरावाचा मसुदा मी करून देतो.