गिरणगावच्या मराठीतील नाम-क्रियापद संबंध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
कोणत्या नामासोबत कोणते क्रियापद यावे, हे प्रत्येक भाषेत रूढीने ठरते. इंग्रजीतील ‘टेक’ हे एकच क्रियापद स्नान, परीक्षा, छायाचित्र व रजा या चारही अर्थांच्या नामांसोबत चालते. मराठीत मात्र आंघोळ करतात, परीक्षा देतात, फोटो काढतात आणि रजा घेतात. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. परंतु सामान्य मुंबईकराने हा भेद कोशातून नव्हे, तर कामातून हाताळला.

विवेचन
१८५६ साली ताडदेव येथे कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग परिसरात गिरण्यांचे जाळे पसरले. ड्युटी, ओव्हरटाइम, मीटिंग ही इंग्रजी नामे कामगारांच्या बोलीत रुजली. क्रियापदे मात्र मराठीच राहिली. इंग्रजीत माणूस ड्युटीवर असतो. मराठीत त्याला ड्युटी ‘लागते’, जशी भूक लागते वा ठेच लागते. येथे माणूस कर्ता उरत नाही, हे लक्षणीय होय. याउलट मीटिंग ‘भरते’, जशी शाळा वा बाजार भरतो. तिच्यात समुदायाचे अस्तित्व गृहीत असते.

काही ठिकाणी संपूर्ण वाक्प्रयोगच इंग्रजी वळणाचा दिसतो. ‘संपावर जाणे’ व ‘संप मागे घेणे’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा मात्र कधीच झाली नाही. पहिला वाक्प्रयोग इतिहासात घडला. दुसरा घडलाच नाही.

या संपाविषयीच्या लेखनात ‘गिरण्या बंद पडल्या’ असा प्रयोग सर्रास आढळतो. यंत्र बंद पडते, विहीर आटते. त्यात कोणाचा निर्णय नसतो. ‘गिरण्या बंद केल्या’ असे म्हटले, की ‘कोणी?’ हा प्रश्न अपरिहार्य ठरतो.

निष्कर्ष
नाम उसने घेता येते. क्रियापदाची निवड मात्र बोलणाऱ्याची असते. म्हणून गिरणगावचा इतिहास लिहिताना ‘पडणे’ आणि ‘करणे’ यांतील निवड केवळ व्याकरणाची नसून उत्तरदायित्वाचीही आहे, हे अभ्यासकांनी ध्यानी घेणे आवश्यक आहे.