तीन बायकांच्या नावाचा कायदा

अमेरिकेत २००६ साली मतदानाच्या हक्काच्या कायद्याची मुदत पंचवीस वर्षांनी वाढविण्यात आली. त्या वाढीच्या कायद्याला तेव्हा तीन बायकांची नावे दिली होती : फॅनी लू हेमर, रोझा पार्क्स आणि कोरेटा स्कॉट किंग. रोझाबाईंनी १९५५ साली बसमधली जागा सोडली नाही, हे पुष्कळ भगिनींनी ऐकले असेल. कोरेटाबाई म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी. पहिलीविषयी आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही, म्हणून तिचीच हकीकत सांगते.

फॅनीबाई मिसिसिपी राज्यातल्या. वीस भावंडांत सर्वांत धाकट्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचू लागल्या. शाळा जेमतेम सहा इयत्ता. काळ्या पुरुषांना मताचा हक्क १८७० साली आणि बायकांना १९२० साली घटनेने दिला होता. पण आपल्यालाही मत देता येते, हे या बाईंना कळले चव्वेचाळिसाव्या वर्षी! ३१ ऑगस्ट १९६२ रोजी सतरा जणांबरोबर त्या बसने इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेल्या. तिथे राज्याच्या घटनेतले एक अवघड कलम पुढे टाकून त्याचा अर्थ विचारला. मी सातवी शिकलेली. मला तरी काय सांगता आले असते? आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासून अंगठा उठवणाऱ्या बाईलाही कोणी परीक्षा घातली नाही, याचे मोल तेव्हा कळते.

परतताना पोलिसांनी बस अडवली आणि तिचा रंग फार पिवळा आहे म्हणून दंड केला. घरी येताच मळेवाल्याने बजावले, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षांचे काम टाकून त्या त्याच रात्री निघाल्या. जून १९६३ मध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतके मारले, की ते दुखणे जन्मभर राहिले. नाव मात्र त्याआधीच त्यांनी नोंदवून घेतले होते.

१९६५ साली कायदा झाला. जिथे काळ्यांना अडवीत, त्या भागांना मतदानाचा कोणताही नियम बदलण्यापूर्वी वॉशिंग्टनची मंजुरी घेणे भाग पडले. ही राखण आधी पाचच वर्षांची होती. ती १९७०, १९७५ आणि १९८२ साली वाढवली. १९७५ साली वाचता येण्याची परीक्षा कायमची बंद झाली, आणि इंग्रजी न येणाऱ्यांना त्यांच्या भाषेतल्या मतपत्रिकेची सोय झाली. पुढे त्याच तरतुदीमुळे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगाली मतपत्रिकाही आली.

२००६ साली सीनेटमध्ये ९८ मते पडली, विरुद्ध एकही नाही. फॅनीबाई १९७७ सालीच वारल्या होत्या.

पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, कोणत्या भागांवर राखण ठेवायची ते ठरविण्याची जुनी मोजणी घटनेत बसत नाही. यादीच गेली, तेव्हा मंजुरी कोणी मागायची? १९६५ साली सेल्मा गावच्या पुलावर डोके फुटलेले जॉन लुईस यांच्या नावाचे नव्या मोजणीचे विधेयक २०२१ साली खालच्या सभागृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाले, आणि सीनेटमध्ये अडले. तीन बायकांच्या नावाच्या कायद्यात मुदत मात्र २०३१ पर्यंत लिहिलेली आहे.