मूत्रपिंडाचा कर्करोग : प्रदेशानुसार आढळ आणि बदलते कल

मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या अस्तरपेशींपासून सुरू होणारा कर्करोग. प्रौढांना मूत्रपिंडाचे जे कर्करोग होतात, त्यांतले दहापैकी नऊ याच जातीचे आणि त्यांतलेही सुमारे तीन चतुर्थांश ‘क्लिअर सेल’ प्रकारचे. जगात दरवर्षी सव्वाचार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जातात आणि दीड लाखांवर माणसे या रोगाने दगावतात. पुरुषांमधला दर स्त्रियांच्या जवळपास दुप्पट असतो. पण देशादेशांतली तफावत पाहिली, की हे दुपटीचे अंतर किरकोळ वाटू लागते. चेक प्रजासत्ताक, स्लोवाकिया, लिथुएनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, बेलारूस हा मध्य आणि पूर्व युरोपचा पट्टा कित्येक वर्षे यादीच्या माथ्यावर आहे. त्यातल्या आघाडीच्या देशांत लाख लोकसंख्येमागे वर्षाला १२ ते १५ रुग्ण सापडतात. उत्तर अमेरिका त्यांच्या मागोमाग आहे. भारतात हाच आकडा एक-दीडवर थांबतो आणि पश्चिम आफ्रिकेत त्याहूनही खाली जातो.

हे आकडे ‘वयप्रमाणित’ आहेत, आणि ते कसे काढतात हे समजल्याशिवाय पुढचे सगळे फसवे ठरते. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग असल्यामुळे म्हाताऱ्यांचा देश आणि पोरासोरांचा देश यांची सरळ तुलना करता येत नाही. म्हणून प्रत्येक देशातल्या प्रत्येक वयोगटाचा दर घेऊन तो एका काल्पनिक लोकसंख्येला लावतात. ही लोकसंख्या जपानचे मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडली आणि ब्रिटनचे रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तिच्यात किरकोळ दुरुस्ती केली. तिच्यात पंधरा वर्षांखालची मुले ३१ टक्के आणि पासष्टीपुढचे लोक फक्त ७ टक्के आहेत. आजच्या चेक समाजात पासष्टीपुढचे लोक पाचात एक आहेत, त्यामुळे तिथल्या रुग्णालयांना जाणवणारा प्रत्यक्ष दर प्रमाणित दराच्या दुपटीहूनही अधिक भरतो. तुलनेसाठी प्रमाणित दर, खाटा मोजायच्या तर प्रत्यक्ष दर, असा सरळ हिशेब आहे. वृत्तपत्री बातम्यांत मात्र या दोहोंची सर्रास खिचडी होते.

चेक प्रजासत्ताकाचा वरचा क्रमांक हे या विषयातले सर्वांत जुने कोडे. नोंद चोख ठेवली म्हणून आकडा मोठा, हे स्पष्टीकरण अर्धवट आहे. तिथली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी १९७० च्या दशकापासून चालू आहे हे खरे. पण शेजारच्या ऑस्ट्रियातही नोंदणी जुनी, दवाखाने तितकेच सुसज्ज, आणि तरी तिथला दर चेकच्या बराच खाली. धूम्रपान, स्थूलपणा आणि उच्च रक्तदाब ही या रोगाची तीन सिद्ध झालेली कारणे. ती तिन्ही मध्य युरोपात सुखाने नांदतात, पण एवढी मोठी तफावत त्यांच्या एकट्यांच्या जिवावर उभी राहत नाही. चेक माणूस दरडोई बिअर पिण्यात जगात पहिला, त्यामुळे बोट तिकडे वळणे साहजिक होते. इथे पुरावा उलटा निघाला : माफक मद्यपान करणाऱ्यांत या कर्करोगाचे प्रमाण थोडे कमीच दिसते. मद्य इतर अनेक अवयवांच्या कर्करोगाचे कारण असल्याने हा काही बिअरच्या बाजूने दिलेला कौल नव्हे.

कोड्याची एक कडी अलीकडे सापडली ती गाठींच्या आतच. पेशीतील डीएनए बिघडतो तेव्हा बिघाड घडवणारा घटक आपली विशिष्ट खूण मागे ठेवतो. तंबाखूची खूण वेगळी, उन्हाची वेगळी. लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि ब्रिटनमधील वेलकम सँगर संस्था यांच्या गटाने ११ देशांतील ९६२ क्लिअर सेल गाठींचे संपूर्ण जनुकीय वाचन करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जपानमधल्या ७० टक्क्यांहून अधिक गाठींत ‘एसबीएस १२’ नावाची खूण होती. बाकीच्या देशांत ती दोन टक्के गाठींतही नव्हती. जपानी लोकांच्या शरीरात बाहेरून काहीतरी जाते आणि मूत्रपिंडाचा डीएनए खराब करते, एवढे यातून दिसते. ते काय, याचा पत्ता नाही. ‘एसबीएस ४० बी’ ही दुसरी खूण जवळपास सगळीकडे आढळली, मात्र तिचे प्रमाण देशाच्या दराबरोबर चढत गेले : चेक आणि लिथुएनियन गाठींत सर्वाधिक. या खुणेमागचा घटकही अजून निनावी आहे. स्थूलपणा आणि रक्तदाब यांची मात्र कुठलीच वेगळी खूण सापडली नाही. म्हणजे ही दोन कारणे डीएनएवर थेट घाव घालत नसावीत. आधीच बिघडलेल्या पेशींना वाढायला पोषक वातावरण पुरवत असावीत.

याच अभ्यासात रुमानिया आणि सर्बियाच्या गाठींनी एका जुन्या गुन्हेगाराचे नाव पुन्हा वर काढले. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत मूत्रपिंडे हळूहळू निकामी करणारा एक विकार १९५० च्या दशकापासून वैद्यकाला माहीत होता. ठरावीक गावे, ठरावीक घरे, आणि शेजारचे गाव साफ कोरे. पाणी, बुरशी, जड धातू असे सगळे संशयित तपासून झाले. शेवटी ॲरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस या तणावर शिक्कामोर्तब झाले. गव्हाच्या शेतात ते उगवते, कापणीत त्याचे बी धान्यात मिसळते आणि पिठातून भाकरीत उतरते. त्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडही खाते आणि मूत्रमार्गाच्या वरच्या भागात कर्करोगही घडवते. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या गोळ्यांत चुकून याच कुळातली चिनी वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. त्यांपैकी ३९ जणींची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणींत कर्करोग निघाला. तैवानने या वनस्पतींच्या औषधांवर २००३ मध्ये बंदी घातली. नव्या अभ्यासाचे महत्त्व असे, की रुमानिया-सर्बियात ही खूण त्या कुप्रसिद्ध खेड्यांच्या बाहेरही, क्लिअर सेल गाठींत बहुसंख्येने दिसली.

या कुळातल्या वनस्पती महाराष्ट्रालाही परक्या नाहीत. सह्याद्रीतली सापसंद, म्हणजेच ईश्वरी, आणि पडीक रानात पसरणारी किडामारी या दोन्ही ॲरिस्टोलोकियाच. फुलपाखरांच्या अळ्या ती पाने खाऊन विषारी होतात आणि त्या विषामुळे पक्ष्यांपासून वाचतात. माणसाने मात्र दोन्ही वनस्पती सापाच्या विषावर, तापावर, जंतांवर पोटात घेतल्या आहेत. झाडपाल्याचे औषध अपाय करत नाही, या गोड समजुतीला यापेक्षा कडवे उत्तर क्वचितच मिळेल.

काही ठिकाणी दोष अगदी स्थानिक आणि मानवनिर्मित असतो. फ्रान्समधील आर्व्ह नदीच्या खोऱ्यात स्क्रू आणि छोटे सुटे भाग कातण्याचे असंख्य कारखाने आहेत. तेलकट भाग धुण्यासाठी तिथे ट्रायक्लोरोएथिलीन पिंपांनी वापरले जाई, आणि त्या कामगारांत मूत्रपिंडाचा कर्करोग वाढलेला आढळला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅम्प लेज्यून या लष्करी तळाच्या नळाच्या पाण्यात हेच रसायन १९५३ ते १९८७ दरम्यान मिसळत होते. तिथल्या माजी सैनिकांच्या भरपाईच्या यादीत हा कर्करोग आहे. चिलीच्या अँटोफगास्टा शहराने १९५८ मध्ये नद्यांचे नवे पाणी आणले. त्यात आर्सेनिक भरपूर होते आणि शुद्धीकरण केंद्र येईपर्यंत बारा वर्षे लोक तेच प्यायले. कर्करोगाचे मृत्यू वाढलेले दिसले ते कित्येक वर्षांनी, आणि पाणी सुधारल्यानंतरही ते पुष्कळ काळ रेंगाळले.

आता नकाशाची दुसरी बाजू. हा कर्करोग जितका होतो तितका सापडत नाही. स्वीडनमधील माल्मो शहरात १९५८ ते १९६९ या काळात मृत्यूनंतर शवविच्छेदन होण्याचे प्रमाण विलक्षण मोठे होते. सोळा हजारांहून अधिक शवविच्छेदनांत मूत्रपिंडाचे ३५० कर्करोग मिळाले, आणि त्यांतले दोन तृतीयांश त्या माणसांच्या हयातीत कोणाला ठाऊकच नव्हते. गाठ पोटाच्या मागच्या बाजूला, चरबीत दडलेली असते. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारा गोळा ही पाठ्यपुस्तकातली त्रयी आज दहांतल्या एकाही रुग्णात धड एकत्र दिसत नाही. बहुतेकांची गाठ पित्ताशयातल्या खड्यांसाठी किंवा पाठदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये अवचित दिसते.

साहजिकच जिथे यंत्रे जास्त, तिथे रोग जास्त. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पुढे नोंदलेला दर दुपटीहून वर गेला. त्यातली वाढ मुख्यतः चार सेंटिमीटरखालच्या छोट्या गाठींची. संशोधक गिल्बर्ट वेल्च आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ३०६ वैद्यकीय विभागांची तुलना केली. पाच वर्षांत छातीचे किंवा पोटाचे सीटी स्कॅन झालेल्या वृद्धांचे प्रमाण कॅलिफोर्नियातील सांताक्रुझ येथे ३१ टक्के, तर ॲरिझोनातील सन सिटीत ५२ टक्के निघाले. हजार जास्तीच्या वृद्धांचे स्कॅन झाले, की मूत्रपिंड काढण्याच्या चार जास्तीच्या शस्त्रक्रिया, असा हिशेब त्यातून आला. स्कॅन फुप्फुसांसाठी आणि शस्त्रक्रिया मूत्रपिंडाची! तरीही सगळी वाढ यंत्रांच्या माथी मारता येत नाही. १९९९ मध्येच अमेरिकी संशोधकांनी दाखवले होते, की मोठ्या आणि पसरलेल्या गाठीही त्या काळात वाढत होत्या. वजने वाढत गेली, त्याचा तो वाटा असावा.

यामुळे जाणकार केवळ आढळाचा दर न पाहता त्याच्याशेजारी मृत्युदर ठेवतात. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेत आढळ वाढला किंवा स्थिरावला, मृत्युदर मात्र १९९० च्या दशकापासून उतरत आला आहे. बाल्टिक आणि पूर्व युरोपातला उतार उशिरा आणि मंद आहे. गरीब देशांत आढळ कमी, पण सापडलेल्यांपैकी मरणाऱ्यांचा वाटा मोठा. एकाच देशातही समाजागणिक अंतर असते : अमेरिकेत मूळ अमेरिकी आणि अलास्कावासीयांचा दर सर्वांत वरचा, आशियाई वंशीयांचा सर्वांत खालचा.

लहान मुलांच्या मूत्रपिंडातली विल्म्स गाठ हा वेगळाच रोग. तिचा नकाशा मोठ्यांच्या नकाशाशी जुळत नाही. आफ्रिकी वंशाच्या मुलांत ती अधिक, पूर्व आशियाई मुलांत युरोपच्या निम्मी. कुटुंबाने देश बदलला तरी हा क्रम फारसा बदलत नाही, म्हणून इथे संशय पर्यावरणापेक्षा आनुवंशिकतेवर अधिक आहे.

भारतातील लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणीची सुरुवात १९६३ मध्ये मुंबईत झाली. डॉ. दा. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने ती उभारली. मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा दर ग्रामीण नोंदणीपेक्षा वर आहे आणि तो हळूहळू चढतोच आहे. सगळे शरीर तपासून देणारी चाचण्यांची ‘पॅकेजे’, मधुमेह-रक्तदाबाच्या निमित्ताने होणारी सोनोग्राफी आणि वाढते पोट, असा तिन्ही बाजूंनी त्याला हातभार लागतो. भारतीय रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे तरुण असतात, असे रुग्णालयांचे अहवाल सांगतात; यात रोगाच्या स्वभावाइतकाच, देशात म्हाताऱ्यांची संख्या कमी असण्याचाही भाग आहे. गाठ मात्र हाती येईतो मोठी झालेली असते.

ग्रामीण चित्रासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीकडे पाहावे लागते. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली; बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव फिरतात, गावातल्या जाणत्यांना भेटतात, अंगावरून जाणे, न भरणारी जखम, गाठ अशा लक्षणांची माहिती देतात आणि संशयिताला तपासणीला बोलावून घेतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या पद्धतीने लवकर निदान होणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले. मूत्रपिंडाच्या बाबतीत तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण विचारण्याजोगे लक्षणच बहुधा नसते. त्यासाठी पोटावर सोनोग्राफीचे यंत्र फिरावे लागते. बार्शी आणि प्राग यांच्या दरांतली दरी त्यामुळे काही अंशी तरी यंत्रांची आहे. उरलेली दरी खरी किती आणि तिचे कारण काय, हे सांगू शकणारे जनुकीय वाचन ज्या ११ देशांतल्या गाठींचे झाले, त्यांत भारत नव्हता.