परदेशी विद्यापीठात ‘एटीकेटी’ नाही

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीत (ता. मुळशी) आणि आसपासच्या महाविद्यालयांत अभियांत्रिकीची पदवी घेऊन दरवर्षी अनेक विद्यार्थी जर्मनी, ब्रिटन वा अमेरिकेची वाट धरतात. आयईएलटीएस, शैक्षणिक कर्ज आणि व्हिसा यांतच त्यांचे वर्ष सरते. तिथल्या विद्यापीठाचे परीक्षेचे नियम मात्र पहिले सत्र अर्धे संपल्यावर वाचले जातात.

आपल्याकडची घडण वेगळी आहे. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९च्या आराखड्यात लेखी विषयाला सत्राच्या मध्यावर ३० आणि अखेरीस ७० गुण होते. सत्रान्त परीक्षेची प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, उत्तरपत्रिका तपासणारा अनोळखी. साहजिकच मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अखेरचे तीन आठवडे यांवर भागते. विषय राहिलाच तर एटीकेटी असते.

अमेरिकेत शिकवणारा प्राध्यापकच गुण देतो. साप्ताहिक गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रकल्प यांचे प्रमाण पहिल्याच दिवशी लेखी मिळते आणि ते कराराप्रमाणे पाळले जाते. पदव्युत्तर वर्गात चारपैकी सरासरी तीनच्या खाली घसरल्यास बहुतेक विद्यापीठे ताकीद देतात. सुधारणा न झाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो आणि विद्यार्थी व्हिसा त्या प्रवेशावरच टिकून असतो. कर्जाचा हप्ता मात्र टळत नाही.

जर्मनीत फसगत निराळी. तिथे वर्षाला ६० श्रेयांक अपेक्षित असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. वर्गातले तास त्यातला लहानसा भाग. उरलेला वेळ स्वयंअध्ययनाचा, पण नवख्या विद्यार्थ्याला तो मोकळा वाटतो. शिवाय प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसता येते असे नाही. अनेक ठिकाणी प्रत्येक परीक्षेची नोंदणी ठरावीक मुदतीत स्वतः करावी लागते. एका विषयाला बहुधा तीनच प्रयत्न मिळतात. अनिवार्य विषयाचा अखेरचा प्रयत्नही फसला, तर त्या अभ्यासक्रमाची दारे जर्मनीत अन्यत्रही जवळपास बंद होतात.

गुणांची भाषाही उलटी आहे. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. रूपांतरासाठी ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करावेत, सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागावे, तिनाने गुणून एक मिळवावा. दहापैकी ८ मिळाले आणि उत्तीर्णतेची रेषा ४ असेल, तर उत्तर २ येते. ब्रिटनमध्ये ७० गुण हा सर्वोच्च वर्ग. ६५ पाहून घरी सुतक पाळण्याचे कारण नाही.

सर्वांत महागात पडते ती आपल्या ‘सबमिशन’ची सवय. मित्राची फाइल समोर ठेवून रात्रीत उतरवणे इथे कुणी गुन्हा मानत नाही. तिथे स्रोत न सांगता उचललेला परिच्छेद वाङ्मयचौर्य ठरतो आणि शिक्षा शून्य गुणांपासून हकालपट्टीपर्यंत जाते. कोडची नक्कलही यातून सुटत नाही.

हा धक्का नवा नाही. एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊन १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोरही मुंबईहून वेगळी पद्धत होती. मे १९१६मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. आपला युक्तिवाद स्वतः लिहून तो शिक्षक आणि सहाध्यायांसमोर मांडणे हाच तिथला अभ्यास. प्राध्यापकाला प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणा समजत नाहीत. उलट भेटीच्या ठरवून दिलेल्या तासाला कुणी फिरकले नाही, तर त्यालाच अनास्था मानतात.

अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळावर असते. ती विमानात बसण्यापूर्वी वाचावी. नोंदणीच्या तारखा, प्रयत्नांची मर्यादा आणि आजारपणात वैद्यकीय दाखला देण्याची मुदत या तीन बाबी वेगळ्या टिपून ठेवाव्यात. पदवीच्या चारही वर्षांच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत सोबत न्यावी. एखाद्या विषयातून सूट मागताना काही विद्यापीठे ती मागतात आणि परदेशातून ती मिळवणे जिकिरीचे होते.