डोळ्यातलं तांबं

दादाची अकरावीची फिजिक्सची वही अजून मावशीच्या कपाटात आहे. सुरुवातीच्या पानांवरचं अक्षर सुवाच्य, जरासं उजवीकडे झुकलेलं. दिवाळीनंतरच्या पानांवर ते बारीक होत जातं, ओळ सोडून खाली घसरतं. शेवटी तर त्याचं त्यालाही वाचता येणार नाही असं होतं. त्या पानावर लाल शाईत शेरा आहे : ‘अक्षर सुधारा.’

पुढची तीन वर्षं सगळे त्याला असंच काहीतरी सांगत राहिले. नीट लिही. नीट बोल. त्याची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकायचे, लाळ गळायची. कॉलेजातल्या मुलांना वाटायचं, हा पिऊन येतो. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. दुसरे म्हणाले, अभ्यासाचा ताण आहे. तिसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गावाकडच्या एका काकांनी देवऋषीचा पत्ताही कळवला.

मग एकदा चष्म्याचा नंबर तपासायला मावशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी त्याला यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली, बराच वेळ पाहिलं आणि चष्म्याबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, “याला लहानपणी कधी कावीळ झाली होती का?”

झाली होती. चौथीत असताना. महिनाभर शाळा बुडाली, मग बरा झाला आणि सगळे विसरून गेले.

मी तेव्हा नववीत होतो. डोळ्यांत बघून कोणाला कावीळ कशी आठवते आणि तिचा बिघडलेल्या अक्षराशी काय संबंध, हे कोडं डोक्यातून जाईना. या आजाराला विल्सन्स डिसीज म्हणतात, हे नंतर कळलं. त्याच्या शोधाची गोष्ट वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की दादाची तीन वर्षं वाया गेली त्याला तसा जुना इतिहास आहे.

आधी आजार समजून घेऊ. शरीराला तांबं लागतं, पण अगदी थोडं. जेवणातून आलेलं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम करणाऱ्या एका जनुकात दोष असला, की तांबं यकृतातच साठत जातं. तिथं मावेनासं झालं की रक्तात उतरतं, मेंदूत आणि डोळ्यांत जाऊन बसतं. लक्षणं बहुतेक करून ५ ते ३५ या वयात दिसू लागतात. कोणाला कावीळ होते, कोणाचे हात थरथरतात, कोणाचा स्वभावच पालटतो. साधारण ३० हजारांत एकाला हा आजार असतो, असा अंदाज नेहमी दिला जातो.

आता १९०२ साली जर्मनीत जाऊ. बर्नहार्ड कायझर या नेत्रतज्ज्ञाकडे २३ वर्षांचा एक रुग्ण आला. त्याला मेंदूचा दुसराच एक आजार आहे असं समजलं जात होतं. कायझरना त्याच्या बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी वलय दिसलं. ते जन्मजात असावं, असं त्यांना वाटलं. पुढच्याच वर्षी ब्रूनो फ्लायशर यांनी अशाच वलयाची नोंद केली. आज त्याला दोघांचं मिळून नाव आहे : कायझर-फ्लायशर वलय.

दहा वर्षांनी, १९१२ साली, लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलमधल्या सॅम्युअल किनियर विल्सन या तरुण डॉक्टरचा दोनशेहून जास्त पानांचा निबंध ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापून आला. एकाच घरातल्या भावंडांना होणारा, हातपाय ताठ करणारा, बोलणं हिरावून घेणारा आजार. मेंदूच्या आतल्या एका भागाची झीज, आणि त्याच्या जोडीला यकृताचा सिरॉसिस. मेंदू आणि यकृत यांना एका आजारात बांधणारं हे लेखन आजही थोर मानलं जातं.

पण त्या दोनशे पानांत डोळ्यातलं वलय नाही. विल्सन यांनी मेंदू पाहिला, यकृत पाहिलं, डोळ्याची कड मात्र निसटली. आजार घराण्यात आढळतो हे त्यांनी लिहिलं, पण तो आनुवंशिक आहे असं मानलं नाही. यकृतातलं कसलंसं विष मेंदूपर्यंत जात असावं, असा त्यांचा तर्क होता.

ते विष म्हणजे तांबं, याचा पुरावा लगेच पुढं यायला लागला होता. १९१३ साली रुम्पेल यांना अशा एका रुग्णाच्या यकृतात भरपूर तांबं सापडलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९२२ साली झीमरलिंग आणि ओलॉफ यांनी दाखवून दिलं, की या रुग्णांच्या डोळ्यांत दिसतं तसंच काहीसं डोळ्यात तांब्याचा कण घुसलेल्या माणसांतही दिसतं. तेही बाजूला पडलं. अखेर १९४८ साली कमिंग्ज यांनी रुग्णांच्या मेंदूत आणि यकृतात तांबं मोजलं आणि ते वाजवीपेक्षा खूप जास्त असल्याचं सांगितलं. रुम्पेलपासून ३५ वर्षं. तिन्ही धागे तिथंच होते, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत. डोळ्यांचे डॉक्टर डोळे बघत होते, यकृताचे यकृत, मेंदूचे मेंदू.

तोवर हा उशीर रुग्णांच्या दृष्टीनं फारसा महत्त्वाचा नव्हता, कारण नाव कळूनही उपाय काहीच नव्हता. पहिला उपाय आला तो दुसऱ्या महायुद्धातून. विषारी वायूवरचा उतारा म्हणून इंग्लंडमध्ये तयार झालेलं बाल हे औषध शरीरातलं तांबंही बाहेर काढतं, हे १९५१च्या सुमारास दिसलं. पण त्याची इंजेक्शनं फार दुखायची आणि ती दीर्घकाळ देणं कठीण होतं.

मग जॉन वॉल्श हे इंग्लिश डॉक्टर बॉस्टनला गेले. पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत पेनिसिलमाइन नावाचं एक संयुग सापडतं, हे त्यांना आधीच्या कामातून माहीत होतं. बॉस्टनमध्ये विल्सन्सचा एक रुग्ण पाहिल्यावर त्यांना सुचलं, की या संयुगाची रचना तांब्याला पकडून ठेवेल अशी आहे. त्यांनी ते आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णाला दिलं. लघवीतून तांबं वाहून जाऊ लागलं. १९५६ साली हे प्रसिद्ध झालं. पोटात घ्यायचं औषध मिळालं आणि एक जीवघेणा आजार आटोक्यात आला.

उशिराचा अर्थ त्या वर्षी बदलला. १९५६ पूर्वी निदान चुकलं तर एक नाव चुकायचं. त्यानंतर निदान चुकलं, की माणूस हातचा जातो. यकृत आणि मेंदूचं एकदा झालेलं नुकसान औषधानं पूर्णपणे भरून येईलच असं नाही.

हे ज्ञान आपल्याकडे पोचलंच नव्हतं असं नाही. १९६८ साली मुंबईच्या दराब दस्तूर आणि नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यांसह भारतातल्या विल्सन्स डिसीजवर लिहिलं, ते १६ कुटुंबांच्या अभ्यासावर. मोजलं काय, तर कुटुंबं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. म्हणून एका मुलाला तो निघाला, की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. रुग्ण एक आला तरी तपासायचं असतं अख्खं घर.

मग आजही उशीर का होतो? आजार दुर्मीळ आहे, हे खरं. पुस्तकात एकदा वाचलेला आजार पंधरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाही समोर येत नाही, आणि येतो तेव्हा ताण, व्यसन, वेड किंवा साधी कावीळ यांचं सोंग घेऊन येतो. त्यात आपले डोळे काळे-तपकिरी. फिकट डोळ्यांत उठून दिसणारं तपकिरी वलय आपल्याकडे साध्या नजरेला सहज चकवतं, त्यासाठी स्लिट लॅम्पच लागतो. आणि फक्त यकृताचा त्रास असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते वलय नसतंच. म्हणजे ‘डोळे ठीक आहेत’ एवढ्यावर निश्चिंत होऊन चालत नाही.

पण यासाठी परदेशी यंत्रं लागत नाहीत. तरुण माणसाचं अक्षर, बोलणं, चाल किंवा वागणं विनाकारण बिघडलं किंवा कारण न सापडणारा यकृताचा आजार असला, तर तीन गोष्टी बघायच्या : स्लिट लॅम्पखाली डोळे, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं. आणि एक प्रश्न विचारायचा, लहानपणी कावीळ झाली होती का? तो कोणीही विचारू शकतं.

दादावर उपचार सुरू झाले. सुरुवातीला हात आणखी थरथरू लागले. औषधानं आधी असं होऊ शकतं, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. घरातून तांब्याचा हंडा गेला, कारण अशा रुग्णानं त्यातलं पाणी पिऊ नये. रोज सकाळी तांब्यातलं पाणी प्यायला लावणारी आजी पुष्कळ दिवस गप्प होती. ‘आजार पाण्यानं झालेला नाही,’ असं डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं. आता दादा चालतो, जेवतो, हसतो. बोलणं लक्ष देऊन ऐकलं तर समजतं. लिहीत नाही, मोबाइलवर टाइप करतो.

डॉक्टरांनी तेव्हाच चिंगीलाही तपासायला सांगितलं होतं. ती दादाची धाकटी बहीण, तेव्हा सहावीत, धडधाकट. रिपोर्ट आला, तिलाही तोच आजार होता. एकही लक्षण दिसायच्या आत तिचं औषध सुरू झालं.

ती आता इंजिनिअरिंगला आहे. रोज ठरल्या वेळी गोळी घेते, आम्हा सगळ्यांपेक्षा जोरात भांडते. परवा तिच्या जर्नलची पानं चाळत होतो. अक्षर सुवाच्य, जरासं उजवीकडे झुकलेलं. शेवटच्या पानापर्यंत.