धागा : माणसाळलेली खार, झिंगलेला उंदीर आणि राणीच्या बागेतले गिनिपिग

मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्यामध्ये लोटे हे गाव आहे. आज त्याची ओळख रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीवरून होते. परंतु वसाहतीच्या कुंपणापलीकडे आंबा, काजू, फणस आणि कौलारू घरे अजून आहेत, आणि जेथे ही आहेत तेथे खार असतेच. वाशांच्या सांध्यात ती काथ्या, कापूस, चिंध्या भरून घरटे करते. कधी त्यातले पिल्लू खाली पडते आणि घरातली मुले ते वाढवतात. दिवसभर अंगाखांद्यावर धावणारी ती खार एखाद्या दिवशी पळत नाही. ओंजळीत गुपचूप बसते, डोळे अर्धवट मिटते. घरच्यांना वाटते, आता ही पुरती माणसाळली.

बहुतेक वेळा ती आजारी असते.

ज्याची शिकार होते तो लहान प्राणी दुखणे शेवटपर्यंत लपवतो. दुबळा दिसला की ससाणा किंवा मांजर त्यालाच निवडते. त्यामुळे त्याचे भय सुटणे हे आजार बराच पुढे गेल्याचे चिन्ह असते. हे चिन्ह माणसाने कसे वाचले, कधी चुकीचे वाचले आणि त्याची किंमत किती मोजली, याचा इतिहास मोठा आहे. त्याचे महत्त्वाचे प्रकरण मुंबईत, परळ आणि भायखळा यांच्या दरम्यान घडले.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. इ. स. १६१८-१९ च्या सुमारास आग्र्याच्या परिसरात मरीची साथ होती. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात एका अमीर घराण्यातील स्त्रीकडून ऐकलेली हकिकत नोंदवली आहे. घराच्या अंगणात एक उंदीर दारू प्यायल्यासारखा पडत-झडत धावत होता. दासीने त्याला शेपटीला धरून मांजरापुढे टाकले. मांजराने तो तोंडात धरला आणि लगेच किळस आल्यासारखा सोडून दिला. हळूहळू मांजराची कळा उतरली आणि दुसऱ्या दिवशी ते मरणाला टेकले. तेव्हा त्याला तिरयाक, म्हणजे त्या काळचे विषावरचे औषध, द्यावे असे त्या बाईंच्या मनात आले. तोंड उघडून पाहिले तर जीभ आणि टाळू काळे पडले होते. तीन दिवस तळमळून चौथ्या दिवशी मांजर सावरले. त्यानंतर त्या दासीच्या अंगावर गाठ उठली आणि ती गेली; मागोमाग घरातले इतरही गेले.

पाळीव प्राण्याचे आजारपण इतक्या बारकाईने टिपणारे वर्णन त्या काळात दुर्मीळच म्हणावे लागेल. त्या बाईंनी मांजराच्या मुद्रेतला बदल हेरला, तोंड तपासले आणि उपचारही केला. हुकला तो एकच दुवा : उंदीर, मांजर आणि दासी यांना जोडणारा.

तो दुवा सापडायला पुढे पावणेतीनशे वर्षे लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्यांतील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे फार मोठ्या संख्येने होती. आगबोटींनी आणि पायवाटांनी ती कोकणात परतली. याच काळात ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द मराठी घरांत धास्तीचे झाले. उंदीर पडले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे, हा उपाय लोकांनी अनुभवातून स्वीकारला. सरकार मात्र घरांना चुना लावण्यात, कार्बोलिक शिंपडण्यात आणि माणसांची झडती घेण्यात गुंतले होते. प्राण्याच्या वागण्याची दखल या बाबतीत सरकारी खलित्यांपेक्षा खेड्यांनी अधिक गंभीरपणे घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पाठवलेला पॉल-लुई सिमाँ हा डॉक्टर त्या वेळी हिंदुस्थानात काम करीत होता. त्याला एक साधी गोष्ट दिसली. निरोगी उंदीर स्वतःचे अंग सतत चाटून, खाजवून साफ ठेवतो, त्यामुळे त्याच्या अंगावर पिसवा थोड्याच टिकतात. आजारी उंदराचे हे काम थांबते, आणि मग त्याच्या केसांत पिसवा माजतात. तो मेला, थंड पडला, की त्या पिसवा नवा ऊबदार देह शोधतात. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने आजारी उंदराशेजारी निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा परस्परांशी स्पर्श होणार नाही, पण पिसू मात्र पलीकडे जाऊ शकेल, अशी जाळी मध्ये होती. निरोगी उंदीर प्लेगने मेला. त्याच सुमारास नेमलेल्या सरकारी प्लेग आयोगाने मात्र सिमाँचे म्हणणे मानले नाही.

आणि मग १९०३ साली राणीच्या बागेतले गिनिपिग मरू लागले.

तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डन्समधील हे गिनिपिग म्हणजे लोकांनी पाहायला ठेवलेले निरुपद्रवी जीव. पिंजऱ्यात पाच-दहा गिनिपिग मेले तर माळी ते पुरून टाकतो आणि गोष्ट तेथेच संपते. बहुतेक ठिकाणी तेच झाले असते. येथे हे मृत्यू विल्यम ग्लेन लिस्टन या लष्करी वैद्यकीय सेवेतील जंतुशास्त्रज्ञाने मनावर घेतले. गिनिपिग प्लेगने मेले होते. त्याहून महत्त्वाचे, त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या, ज्या एरवी गिनिपिगवर नसतात. आसपासचे उंदीर आधीच मेले होते. यजमान गेल्यावर पिसवांनी दुसरे घर धरले होते. लिस्टनने याच दृष्टीने शहरातील वस्त्यांकडे पाहिले. जेथे उंदीर मरून पडले होते, त्या चाळीतील माणसांच्या अंगावरही उंदराच्याच पिसवा मिळाल्या. त्याचा हा निबंध १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. रोगाचा उलगडा निसर्ग-अभ्यासकांच्या पत्रिकेत छापला जावा, यात त्या शोधाचे स्वरूपच दिसते.

१९०५ पासून नव्या प्लेग संशोधन मंडळाने परळच्या प्रयोगशाळेत हेच सूत्र पुढे नेले. प्लेगच्या घरांत गिनिपिग सोडायचे. ते पिसवा गोळा करीत आणि आजारी पडत. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या, किंवा बारीक जाळीने झाकलेल्या पिंजऱ्यातले प्राणी मात्र वाचत. आठ-नऊ वर्षे ज्या प्रश्नाने शहरे ओस पाडली होती, त्याचे उत्तर एका मुक्या प्राण्याच्या केसांत होते.

खारीचा या इतिहासाशी संबंध लवकरच आला. १९०८ मध्ये कॅलिफोर्नियातील बिळात राहणाऱ्या खारींमध्ये प्लेग सिद्ध झाला. आपल्याकडचा धागा वेगळ्या रोगाचा आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने नवा विषाणू शोधला. तो गोचिडींमार्फत पसरतो, आणि ज्या लहान प्राण्यांत तो आढळला त्यांत पश्चिम घाटातील जंगली पट्टेरी खारही आहे. २०१६ मध्ये हा ‘माकडताप’ सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचला. तेथेही पहिली सूचना मेलेल्या माकडांनी दिली.

याचा अर्थ लोट्यातल्या घरातील प्रत्येक मलूल खार साथ घेऊन आली आहे असा नव्हे. घरात वाढलेल्या खारीचे दुखणे बहुधा घरातच तयार होते. गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते. घाईने पाजलेले दूध फुप्फुसात उतरते. मग नाकातून फेस येतो आणि श्वासाला टिकटिक आवाज येतो. नुसते शेंगदाणे आणि बिस्किटे खाऊन वाढलेल्या खारीची हाडे चुन्याअभावी ठिसूळ होतात, मागचे पाय ओढले जातात. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. कुरतडायला फांदी, साल नसेल तर ते वाकडे वाढतात आणि समोर खाऊ असूनही ती उपाशी राहते. पाठीला कुबड, उभे राहिलेले केस, चिकटलेले डोळे, अस्वच्छ शेपूट ही चिन्हे सिमाँच्या उंदराचीच आहेत : प्राण्याने स्वतःचे अंग साफ करणे सोडले आहे.

अशा वेळी आधी ऊब द्यावी, खाणे नंतर; गार पडलेल्या पिल्लाला पचत नाही, भरवलेले जिवावर बेतते. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, अंधारे शांत खोके, कमीत कमी हाताळणी, आणि त्याच दिवशी पशुवैद्य. अंगावर पिसवा किंवा गोचिडी असतील तर उघड्या हाताने धरू नये. चावा बसला तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी. एकाच बागेत दोन-चार खारी किंवा माकड मेलेले आढळले तर मात्र ती केवळ घरगुती बाब राहत नाही. वनविभागाला कळवावे, मदतवाहिनी १९२६.

पशुवैद्य मिळाला तरी अडचण उरते. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. त्या काळच्या पशुवैद्यकाचा कल घोड्याकडे आणि गुराढोरांकडे होता. सैन्य आणि शेती त्यांवर चालत असे. कोकणातला तालुक्याचा दवाखानाही आज मुख्यतः गाई, म्हशी, शेळ्यांसाठीच असतो. तेथे शंभर ग्रॅमच्या जिवाला किती औषध द्यायचे हे ठरवायलाच वजनकाटा शोधावा लागतो. म्हणून खार घेऊन जाणाऱ्याने घरीच, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, रोजचे वजन लिहून ठेवलेले असावे. तिने खाणे कमी केल्याचे डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते त्या वहीत दिसते.